आडनावात गाव, गावात आईबाप

इस्रायलमधील अश्दोद, दिमोना, लोद यांसारख्या गावांत पेणकर, रोहेकर, अष्टमकर, नवगावकर, किहीमकर, तळकर अशा आडनावांची माणसे भेटतात. त्यांच्यातील तरुणांपैकी अनेकांनी पेण पाहिलेले नसते. रोहा आणि अष्टमी यांच्यामधून कुंडलिका वाहते, हेही त्यांच्या कानांवर आलेले नसते. तरीही पगाराच्या चिठ्ठीवर आणि टपालाच्या पेटीवर रायगड जिल्ह्यातील एका गावाचे नाव हिब्रू अक्षरांत उमटत राहते. गाव सुटले आणि आडनाव बरोबर गेले, असा हा प्रकार आहे. परंतु काही घरांतून आडनावाबरोबर सर्वच माणसे गेली नाहीत. मुले गेली, सुना गेल्या, नातवंडे तिकडेच जन्मली. आणि म्हातारे आईबाप मात्र पेणच्या किंवा अष्टमीच्या जुन्या घरात मागे राहिले.

बेने इस्रायल समाजाच्या स्थलांतराविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. हे लोक कोकणच्या किनाऱ्यावर केव्हा आले, कोठून आले, इस्रायलात त्यांना समान वागणूक मिळाली की नाही, या प्रश्नांचा ऊहापोह विद्वानांनी केला आहे. त्या मानाने एका घरगुती प्रश्नाकडे फारसे लक्ष गेले नाही. मुलगा समुद्रापलीकडच्या देशाचा नागरिक झाला, तेव्हा इकडच्या म्हातारा-म्हातारीचे कोणी केले? मराठीत वृद्धांच्या सेवेला निराळा शब्द नाही. 'तिने सासूचे फार केले' असे आपण म्हणतो आणि त्या 'करण्यात' औषधाच्या गोळीपासून अंथरुणातील चादर बदलण्यापर्यंत सारे काही येते. हे 'करणे' दुसऱ्या देशातून कसे करावयाचे, हा आज लाखो मराठी घरांना पडलेला पेच आहे. पेण-रोह्याच्या बेने इस्रायलांना तो सत्तर वर्षांपूर्वीच पडला होता. त्यामुळे त्यांची कहाणी केवळ एका लहान समाजाची राहत नाही.

या समाजाची परंपरा सर्वश्रुत आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, आणि त्यांचा वंश कोकणच्या गावागावांतून पसरला, असे ते सांगतात. तेलाचा घाणा चालवणे हा त्यांचा मुख्य व्यवसाय होता. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना 'शनवार तेली' हे नाव दिले. त्यांची भाषा मराठी झाली, आणि ती इतकी की हिब्रू पंचांगातील पवित्र दिवसांनाही घरगुती मराठी नावे पडली. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. प्रायश्चित्ताच्या उपवासाचा दिवस तो दारफळणीचा सण. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळण्याचा जो दिवस, त्याला बिरड्याचा रोजा म्हणत, कारण उपास सुटताना पानात वालाचे बिरडे असे. जेरुसलेमच्या दुःखावर वालाचे बिरडे वाढणारा समाज कोकणात किती खोलवर रुजला होता, हे सांगावयास आणखी पुरावा नको.

अठराव्या शतकापासून हे लोक मुंबईस जाऊ लागले. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. पुढे पलटणीत, रेल्वेत, जकात खात्यात, टपाल कचेरीत, शाळांतून आणि इस्पितळांतून या समाजाची माणसे दिसू लागली. म्हणजे मुलगा चाकरीच्या गावी आणि आईबाप मूळ घरी, ही व्यवस्था त्यांना नवी नव्हती. वस्तुतः कोकणातील कोणत्याच समाजाला ती नवी नाही. 'चाकरमानी' हा शब्दच या व्यवस्थेतून आला. मुंबईच्या खोलीतून महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मनीऑर्डर निघे. सणाला मुलगा येई. म्हातारी अंथरुणाला खिळली म्हणजे सुनेला गावी ठेवून तो एकटा परत जाई. या व्यवस्थेत सुनेचा बळी जात असे, हे खरे. पण ती चालत होती, आणि चालत होती ती अंतर बेताचे होते म्हणून. पेण मुंबईपासून सुमारे ऐंशी किलोमीटर, रोहा त्याच्या थोडे पुढे. संध्याकाळी तार मिळाली तर दुसऱ्या दिवशी मुलगा दारात उभा राहू शकत होता.

१९४८ मध्ये इस्रायलची स्थापना झाली आणि हे अंतर बदलले. त्या सुमारास भारतात बेने इस्रायलांची संख्या वीस हजारांच्या आसपास होती. पुढील तीस-चाळीस वर्षांत त्यांतील बहुसंख्य लोक निघून गेले. २०११ च्या जनगणनेत संबंध देशातील सर्व ज्यू धर्मीयांची मिळून संख्या साडेचार हजारांच्या घरात होती. त्यांतील बहुतेक मुंबई-ठाण्याकडचे. पेण, रोहा-अष्टमी, अलिबाग, रेवदंडा येथे उरली ती मोजकी कुटुंबे. कोणी त्यांना हाकलले नव्हते, हे येथे नमूद केले पाहिजे. भारतात ज्यूंचा छळ झाला नाही, आणि तिकडे गेलेले बेने इस्रायल हे आवर्जून सांगतात. धर्मभावनेने काही गेले, मुलांना चांगले दिवस यावेत म्हणून काही गेले, आणि भाऊ गेला, मेहुणा गेला, आता लग्नासाठी स्थळ कोठे शोधावयाचे म्हणूनही अनेक गेले. समाज लहान असला की शेवटचे हे कारण सर्वांत बळकट ठरते.

आता या स्थलांतराचे एक वैशिष्ट्य पाहण्याजोगे आहे. एरवी परदेशी स्थायिक झालेल्या माणसाला आईबापांना जवळ आणावयाचे तर कायदा आडवा येतो. ब्रिटनने २०१२ मध्ये नियम असे कडक केले की, आईबाप स्वतःच्या हाताने जेवू-नेसू शकत नाहीत आणि मायदेशी पैसे मोजूनही त्यांचे करणारे कोणी मिळत नाही, हे सिद्ध केल्यावाचून त्यांना कायमचा प्रवेश मिळणे जवळजवळ अशक्य झाले. म्हणजे आई धडधाकट आहे तोवर आणता येत नाही, आणि आणता येईल तेव्हा ती प्रवासाच्या अवस्थेत नसते. ऑस्ट्रेलियात कमी शुल्काच्या रांगेत नाव घातले तर तीस-तीस वर्षे थांबावे लागते. सत्तरीच्या माणसाला ही मुदत सांगणे म्हणजे सभ्य भाषेत नकार देणेच होय. कॅनडा आईबापांना दीर्घ मुदतीचा पाहुणा म्हणून येऊ देतो, मात्र आजारपणाचा विमा खासगी कंपनीचा काढावा लागतो. अमेरिकेत नागरिक झालेल्या मुलाला आईबापांना नेता येते, परंतु वृद्धांसाठीची सरकारी आरोग्यविमा योजना नव्याने आलेल्या वृद्धाला पाच वर्षे उघडत नाही. आखाती देशांची गोष्ट तर रोहा, म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड या बाजूच्या मुसलमान कुटुंबांना विचारावी. तेथे बायकोमुलांना नेण्यासाठीच पगाराची अट असते. आईबापांसाठी ती अधिक जड. नागरिकत्वाचा तर प्रश्नच उद्भवत नाही. त्यामुळे तेथील कमाई गावात नव्या घराच्या रूपाने दिसते आणि त्या घरात बहुधा म्हातारी माणसेच राहतात.

इस्रायलचे दार याच्या अगदी उलट. १९५० च्या परतीच्या कायद्याने जगातील कोणत्याही ज्यूला तेथे येऊन नागरिक होण्याचा हक्क दिला. त्यात वयाची अट नव्हती, पगाराची नव्हती. ऐंशी वर्षांच्या आजीला चाळिशीतील मुलाइतकाच हक्क होता. स्थलांतरितांच्या इतिहासात अशी सवलत फारच थोड्यांना मिळाली आहे. तेव्हा प्रश्न असा की, दार सताड उघडे असताना काही आईबाप पेणला आणि अष्टमीला का थांबले?

एक कारण सुरुवातीच्या अनुभवांत आहे. पहिल्या तुकड्या गेल्या तेव्हा इस्रायल हा नुकता जन्मलेला, ओढगस्तीचा देश होता. आलेल्यांना तात्पुरत्या छावण्यांतून ठेवीत, मग दक्षिणेच्या वाळवंटाकडे नव्या वस्त्यांत पाठवीत. कुंडलिकेच्या काठच्या माणसाला बीरशेबाच्या धुळीत नेऊन ठेवले तर त्याचे काय होईल? कामे मिळाली तीही बहुधा अंगमेहनतीची. मुंबईचा कारकून तेथे रस्त्यावर खडी फोडू लागला. भेदभावाची तक्रार करून काही बेने इस्रायलांनी तेल अवीवमध्ये धरणे धरले आणि १९५२ मध्ये शंभराहून अधिक लोकांना भारतात परत पाठवण्यात आले. त्यांतील बहुतेक पुढे पुन्हा इस्रायललाच गेले, हा भाग निराळा. परंतु परतलेल्यांनी सांगितलेल्या हकीकती गावोगावच्या ओसरीवर पोहोचल्या असतीलच. आणि ज्याच्या हाडांत आता नव्याने रुजण्याचे बळ उरले नाही, त्याने त्या ऐकून गाठोडे सोडून ठेवले असेल तर त्यात नवल नाही.

नंतर १९६१-६२ मध्ये तेथील धर्मपीठाने बेने इस्रायलांच्या विवाहांना आडकाठी केली. वधूवरांच्या आईची, आजीची, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची वंशशुद्धी तपासावी, असा हुकूम निघाला. त्याविरुद्ध मोठे आंदोलन झाले. इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत असे जाहीर केले आणि ऑगस्ट १९६४ मध्ये धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. या लढ्याचा राजकीय भाग सर्वांस माहीत आहे. त्याची दुसरी बाजू अशी की, तिकडच्या तरुणाच्या लग्नाचा निकाल ज्या माहितीवर लागणार होता, ती माहिती इकडच्या म्हाताऱ्यांपाशी होती. आजीचे माहेर कोणते, पणजीचे लग्न कोणत्या गावात झाले, हे ज्यांना ठाऊक ते कोकणात बसलेले होते. ज्यांना आधाराची गरज आहे असे समजले जात होते, त्यांच्याच स्मरणशक्तीचा आधार मुलांना घ्यावा लागला असता, अशी ती वेळ होती.

तथापि म्हातारे थांबले याची खरी कारणे याहून साधी असावीत. ज्याला रेल्वेचे किंवा शाळेचे निवृत्तिवेतन मिळत होते, त्याची स्वतःची अशी मिळकत इथे होती. दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला दिला की वर्षभर पैसे येत. इस्रायलशी भारताचे पूर्ण राजनैतिक संबंध जानेवारी १९९२ मध्ये प्रस्थापित झाले. तोवर तेथे भारताचा दूतावासच नव्हता. जो कारकून जन्मभर दुसऱ्यांच्या दाखल्यांवर शिक्के मारीत आला, त्याला आपला दाखला कोणाकडून मिळणार, ही चिंता क्षुल्लक वाटली नसेल. मुलाच्या घरी गेल्यावर पानसुपारीलाही त्याच्याकडे हात पसरावा लागेल, हा विचार मराठी मध्यमवर्गीय म्हाताऱ्याच्या मनात इतर सर्व विचारांच्या आधी येतो. त्याखेरीज घर होते, दारचा नारळ होता, सातबाऱ्यावर नाव होते, शेजार होता. आणि गावाबाहेर दफनभूमीत आईबापांच्या, क्वचित स्वतःच्या लेकराच्याही, कबरी होत्या.

जे म्हातारे गेले त्यांचे काय झाले? शरीराने त्यांचे बरेच बरे झाले, असे म्हटले पाहिजे. इस्रायलमध्ये वृद्धांना सरकारी निवृत्तिवेतन आहे. उतारवयात आलेल्या स्थलांतरितांसाठीही तरतूद आहे. १९८८ पासून तेथे दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा अमलात आला. घरी राहणाऱ्या परावलंबी वृद्धाला आंघोळ घालण्यास, भरवण्यास, फिरवण्यास ठरावीक तास माणूस मिळतो आणि त्याचा खर्च राष्ट्रीय विमा संस्था देते. ज्याला दिवसरात्र सोबत लागते त्याच्यासाठी परदेशांतून सेवक आणण्याची परवानगी मिळते. आज इस्रायलमध्ये राहणाऱ्या भारतीय नागरिकांत अशा शुश्रूषा करणाऱ्यांचा मोठा भरणा आहे. केरळातून हजारो स्त्री-पुरुष या कामासाठी तेथे गेले आहेत. यातील विपर्यास ध्यानात घेण्यासारखा आहे. आपल्या आईला केरळात भावजयीच्या हवाली करून आलेली परिचारिका तेल अवीवमध्ये दुसऱ्या कोणाच्या आईचे करते, आणि तिच्या पगारातून केरळातील आईचे औषध येते. 'करणे' हेही आता आयात-निर्यातीचे जिन्नस झाले आहे.

मनाचे मात्र तितके बरे झाले नाही. मुलगा शिकवणीच्या वर्गात जाऊन हिब्रू शिकला. नातू तर हिब्रूतच रडला आणि हिब्रूतच हसला. आजीपाशी मराठी होती. कोकणच्या घरात जी म्हातारी उपासतापास, बाळंतपण, लोणचे, सोयरीक या सर्व बाबतींत अंतिम न्यायालय होती, तिला दिमोनाच्या दुकानात पाव मागण्यासाठी सात वर्षांच्या नातवाला बरोबर न्यावे लागले. वृद्धाचा मान त्याच्या ज्ञानावर उभा असतो. आणि ज्या देशात ते ज्ञान कोणाला लागत नाही, तेथे आदर राहिला तरी मान राहत नाही. हा अनुभव न्यू जर्सीत मुलाकडे गेलेल्या पुण्याच्या आजोबांनाही येतो. फरक इतकाच की आजोबा सहा महिन्यांनी परततात.

या एकटेपणावर त्या लोकांनी स्वतःच उतारा शोधला. तिकडच्या मराठी मंडळींनी 'मायबोली' नावाचे नियतकालिक चालवले; नोहा मस्सील यांच्यासारख्यांनी त्यासाठी वर्षानुवर्षे कष्ट घेतले. एलियाहू हन्नाबीच्या नावाने पोहे, गूळ, खोबरे आणि फळे यांचा मलिदा करण्याची कोकणातली चाल त्यांनी तिकडे टिकवली. इतर देशांतून आलेल्या ज्यूंना ही प्रथा ठाऊक नव्हती. पोह्यांचे ताट पाहून ते प्रथम चकित झाले असतील. आणि कीर्तने! १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्रायलांनी हिंदू हरिदासांच्या धर्तीवर बायबलमधील कथांची मराठी कीर्तने सुरू केली. त्या मंडळींत अग्रभागी असलेले बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे नावावरूनच अष्टमीचे. त्या कीर्तनांतील पदे इस्रायलमधील वृद्ध स्त्रियांच्या तोंडी कालपरवापर्यंत होती, असे अभ्यासकांनी नोंदले आहे. ज्या वृद्धेला दुकानात पाव मागता येत नव्हता, तिला आख्यानाची पदे पाठ होती. तिच्या मुलाने आईचे केले ते घर देऊन आणि डॉक्टर देऊन. पण चार समवयस्क बायकांनी एकत्र जमून जे केले, ते त्याला करता येण्याजोगे नव्हते.

आता मागे राहिलेल्यांकडे वळू. अष्टमीतील एखादी विधवा कल्पनेपुढे आणावी. एक मुलगा अश्दोदला, दुसरा लोदला, लेक ठाण्याला दिलेली. पूर्वी महिन्या-दोन महिन्यांनी हवाई पत्र येई. पत्राला उत्तर जाईपर्यंत दुखणे बरे झालेले असे किंवा वाढलेले असे. १९६७ आणि १९७३ ची युद्धे तिने आकाशवाणीच्या बातम्यांतून ऐकली आणि त्या दिवसांत काळजीची दिशा उलटी झाली. ती इकडे सुखरूप आणि मुले तिकडे खंदकात. ऑक्टोबर २०२३ मध्ये तेच पुन्हा घडले. परदेशी मुले आणि मायदेशी आईबाप यांच्या कोणत्याही वर्णनात काळजीचा हा परतीचा प्रवाह सहसा विसरला जातो. म्हातारपण म्हणजे नुसते करून घेणे नव्हे. शेवटच्या शुद्धीपर्यंत आई आईपण करीतच असते.

पत्र गेले, दूरध्वनी आला, आणि आता मोबाईलच्या पडद्यावर रोज मुलाचे तोंड दिसते. याने फार मोठी सोय झाली यात शंका नाही. परंतु पडद्यावर चेहरा दिसतो, सुजलेले पाय दिसत नाहीत. म्हातारी माणसे मुलांशी बोलताना पदर नीट घेऊन, चष्मा पुसून बसतात आणि 'माझे उत्तम आहे' असे सांगतात. घरात येऊन उघडे पातेले पाहिल्याशिवाय ती जेवली की नाही हे कळत नाही. हे पाहणारे माणूस कोण? बहुतेक वेळा ती शेजारची बाई असते आणि पुष्कळदा ती दुसऱ्या धर्माची असते. शनिवारी ज्यांच्या घरी चूल पेटत नसे, त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वावरलेल्या शेजाऱ्यांना त्यांचे रीतिरिवाज ठाऊक असतात. याखेरीज ठाण्याची लेक. परदेशातील मुलाची कीर्ती गावभर असते, आणि रविवारी सकाळची गाडी पकडून डबा घेऊन येणाऱ्या लेकीचा उल्लेखही कोणी करीत नाही. हा अन्याय सर्व समाजांत सारखाच आहे.

पैसा येतो, तो पुरतो असेही धरून चालू. पण आलेला पैसा म्हाताऱ्या माणसाने ठेवायचा कोठे? गावातल्या ओळखीच्या बँकेत. २०१० मध्ये पेण अर्बन सहकारी बँकेतील गैरव्यवहार उघडकीस आले, तिचे व्यवहार थांबले आणि ठेवीदारांच्या जन्माच्या पुंज्या अडकल्या. त्यांत सर्व जातिधर्मांचे लोक होते आणि निवृत्त वृद्ध पुष्कळ होते. वर्षानुवर्षे मोर्चे निघाले, खटले चालले. पंचाहत्तरीच्या माणसाला न्यायालयाची तारीख पुढची पडली म्हणजे काय वाटत असेल, याची कल्पना तिशीतल्या वकिलाला येत नाही.

कायद्याचा आधार म्हणावा तर तोही तपासून पाहिला पाहिजे. आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थाचा कायदा २००७ मध्ये झाला. मुलगा सांभाळीत नसेल तर आईबापाने उपविभागीय अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे अर्ज करावा. वकिलाची गरज नाही. महिन्याला जास्तीत जास्त दहा हजार रुपयांपर्यंत पोटगीचा हुकूम होऊ शकतो. प्रांताची कचेरी पेणलाही आहे आणि रोह्यालाही. भारताबाहेर राहणाऱ्या भारतीय नागरिकांना हा कायदा लागू आहे, असे त्याच्या पहिल्याच कलमात म्हटले आहे. येथेच मेख आहे. भारत दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतलेला मुलगा भारतीय नागरिक राहत नाही. मग त्याच्याकडे भारतमूलक म्हणून आजीव प्रवेशाचे कार्ड असले तरी. म्हणजे दुबईत चाकरी करणारा, भारतीय पासपोर्टवाला मुलगा कायद्याच्या शब्दांत सापडतो आणि अश्दोदचा किंवा न्यू जर्सीचा नागरिक झालेला मुलगा त्या शब्दांतून निसटतो. जो अधिक दूर आणि अधिक कायमचा गेला, त्याच्यापर्यंत कायद्याचा हात पोहोचत नाही. शिवाय मुलाला हुकूम बजावला आणि त्याने पैसे पाठवलेही, तरी पैसे ही या रोगाची अर्धीच मात्रा आहे. म्हातारीला रात्री उठवून बसवणारा माणूस कोणत्याही हुकूमनाम्याने निर्माण होत नाही.

तेव्हा 'मुलांनी टाकले' असे सरसकट म्हणणे जितके सोपे तितकेच उथळ आहे. काहींनी टाकले असेलही. अशी माणसे एकाच गावात, एकाच वाड्यातही सापडतात. बहुतेकांनी मात्र बोलावले होते आणि आईबापांनीच नाही म्हटले होते. नाही म्हणण्याचा त्यांना हक्क होता. उणीव आहे ती या 'नाही'ला आधार देणाऱ्या व्यवस्थेची. पेण आणि रोहा येथे उपजिल्हा रुग्णालये आहेत. परंतु तेथून वृद्धाच्या घरी जाऊन जखम धुणारी, मूत्रनलिका बदलणारी परिचारिका सहजासहजी मिळत नाही. इस्रायलला, आखातात, युरोपात शुश्रूषेची माणसे पुरवणाऱ्या या देशात तालुक्याच्या गावी पैसे देऊनही शिकलेले, विश्वासाचे माणूस मिळत नाही. धाटावच्या कारखान्यांना लागणारे कारागीर तयार करण्यासाठी अभ्यासक्रम निघतात. म्हाताऱ्याला न दुखवता कुशीवर कसे वळवावे, हे शिकवणारा वर्ग तालुक्यात का निघू नये? परदेशी असलेली मुले त्याचे शुल्क आनंदाने देतील. हा बेने इस्रायलांपुरता प्रश्न नाही. ज्यांची मुले पुणे, बंगळूर, दोहा, टोरांटो येथे आहेत त्या पेण-रोह्यातील सर्वांचा आहे.

बेने इस्रायल वृद्धांच्या बाबतीत एक दुःख मात्र केवळ त्यांचेच आहे. त्यांच्या धर्मात सामुदायिक प्रार्थनेस वयात आलेले दहा पुरुष लागतात. मृतासाठी पुत्राने म्हणावयाची कद्दीश ही प्रार्थनाही दहाजण असल्यावाचून म्हणता येत नाही. पेणला प्रार्थनामंदिर आहे, अष्टमीतही आहे. सणावारी मुंबई-ठाण्याहून मंडळी आली म्हणजे तेथे दिवे लागतात; एरवी दहांची संख्या भरणे कठीण. आणि दफन तर शक्य तितक्या लवकर, बहुधा त्याच दिवशी करावे असा दंडक आहे. तेल अवीवहून निघालेला मुलगा विमानाने मुंबईस उतरून पेणच्या रस्त्याला लागेपर्यंत आईला मूठमाती दिलेली असते. २०२० मध्ये साथीमुळे विमानेच बंद झाली, तेव्हा तर हा प्रश्नही उरला नाही. शेजारी तिरडी उचलतात, पनवेलहून, मुंबईहून धर्मबंधूंना निरोप जातो, गाडी करून माणसे येतात आणि दहा भरले की प्रार्थना होते. मुलगा आला तर सातव्याच्या आत येतो. मग घर बंद करावयाचे की विकावयाचे, कुलपाची किल्ली कोणाकडे ठेवावयाची, सातबाऱ्यावर कोणाचे नाव चढवावयाचे, हे व्यवहार सुरू होतात.

काही वर्षांनी नातवंडे येतात. अलिबागची इस्रायल आळी, नवगावचे स्मारक पाहून ती पेणला किंवा रोह्याला उतरतात आणि दफनभूमीचा पत्ता विचारतात. जुन्या कबरींवरील शिळांवर थोडे हिब्रू आणि बरेचसे मराठी कोरलेले असते. नातवाला हिब्रू ओळ वाचता येते. त्याखालचे आजीचे नाव, गाव आणि तिच्या मुलांनी लिहविलेला मजकूर देवनागरीत असतो. तो वाचून दाखवण्यासाठी बरोबर आलेल्या आळीतल्या माणसाला पुढे बोलवावे लागते.